ते नाव होतं

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. सासूबाईंना नाही, माझ्या आईलाही नाही. जिचं मी घेतलं तिला माहीत आहे — पण तिनंही ते माझ्या तोंडून कधी ऐकलेलं नाही. आज तुम्हाला सांगते आहे. तुम्हालाच का? ते मलाही नीट कळलेलं नाही.

मी गाते. म्हणजे लोक ज्याला गाणं म्हणतात तसं नाही. तबला नाही, तानपुरा नाही, शब्द तर नाहीतच. फक्त गळा, श्वास, आणि आवाजावर आवाज चढवत नेणारं एक छोटं यंत्र. रागदारी बारा वर्षं शिकले आणि मग हे सुरू केलं. वर्ध्याच्या नालवाडीतल्या आमच्या घरात सुरुवातीला सगळे हसायचे. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "सुनबाई प्रॅक्टिस करून राह्यली, घाबरू नोको." पण दार लावून घ्यायच्या, मला त्रास होऊ नये म्हणून. चांगली माणसं आहेत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात त्यांचा काहीच हात नाही.

मला दिवस गेले तेव्हा वाटलं, यावरच करायचं. मळमळ, धाप, आत कोणीतरी हललं की घशात अडकणारा हुंकार — हे सगळं आवाजात का येऊ नये? बाईच्या पोटावर इतक्या ओव्या झाल्या, पण पोटातून निघालेला आवाज कुणी मांडला? मी रोज स्वतःला ऐकत होते. सातव्या महिन्यात माझा एक सूर पूर्वीच्या निम्म्या लांबीवरच तुटायला लागला, आणि मला त्याचा आनंद झाला. काम छान चाललं होतं.

शालूही तेव्हा पोटुशी होती. शालू माझी धाकटी जाऊ. माहेर आर्वीकडचं, बोलायला कमी, हाताला भारी चपळ. तिचे दिवस माझ्या आधी भरणार होते. आम्ही दोघी अंगणात पाय पसरून बसायचो आणि एकमेकींची पोटं बघून हसायचो.

तिचा मुलगा जन्मला आणि दुसऱ्या दिवशी गेला. डॉक्टरांनी जमेल ते सगळं केलं. कुणाची चूक नव्हती. त्याचं नाव ठेवायचं राहून गेलं होतं, आणि मग घरातल्या मोठ्यांनी ठरवलं की त्याबद्दल बोलायचंच नाही. बोललं की ती रडेल. म्हणून कोणीच बोललं नाही. मीही नाही.

नंतर माझी मुलगी झाली. ऑपरेशन झालं, ताप आला, दूध उतरेना. पोरगी रडून रडून निळी पडायची. सासूबाई वाटी-चमचा घेऊन बसल्या होत्या, तेव्हा शालू दारात आली. हात पुढे केले.

"द्या इकडे," ती म्हणाली. "माह्यं वाया जाऊन राह्यलं."

मी मुलगी तिच्या हातात दिली.

दुपारी ती मागच्या खोलीत भिंतीला टेकून तिला पाजायची. मी अलीकडच्या खोलीत पडलेली असायची, मधे नुसता पडदा. आणि शालू गुणगुणायची. अंगाई नव्हे. छातीतून निघणारा एकच लांब सूर, खाली खाली जाणारा, आणि तो संपता संपता दोन अक्षरं — त्यातलं पहिलं श्वासाबरोबर बाहेर, दुसरं जवळजवळ गिळलेलं. मग पुन्हा सूर. मी बारा वर्षं शिकले होते. असं काही मी ऐकलं नव्हतं. मी त्या महिन्यांत जे जे केलं होतं ते सगळं त्यापुढे खोटं वाटलं, नाटकी वाटलं.

मी फोन उचलला आणि पडद्यापाशी ठेवला.

दुसऱ्या दिवशीही ठेवला. तिसऱ्याही.

ती दोन अक्षरं काय आहेत हे मला माहीत नव्हतं, असं मी सांगू शकले असते. पण मला माहीत होतं. एका दुपारी ती माझ्या मुलीशी बोलली, अगदी हळू — "पी वो माय. तुह्या दादाचं हाय हे." आणि मग ते नाव. तिनं त्याचं नाव ठेवलं होतं. एकटीनं. कुणाला न विचारता, कुणाला न सांगता. जगात ते फक्त तिला माहीत होतं, माझ्या तान्ह्या मुलीला, आणि पडद्याआडून मला.

तेव्हा मी फोन बंद करायला हवा होता ना? नाही केला.

पुढे मी ते गळ्यावर बसवलं. तिचा आवाज मी कुठेही वापरला नाही, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा बजावायची. गळा माझा, मेहनत माझी. रेकॉर्डिंगही पुसून टाकलं. चोर पाऊलखुणा पुसतो तसं — हे आज म्हणते आहे, तेव्हा मी त्याला सभ्यपणा म्हणत होते.

पहिला प्रयोग वर्ध्यातच झाला, एका कॉलेजच्या सभागृहात. घरचे सगळे पहिल्या रांगेत. शालूच्या मांडीवर माझी मुलगी, दीड वर्षाची. शेवटचा भाग आला. मी तो सूर लावला, खाली नेला, आणि ती दोन अक्षरं सोडली. यंत्रानं ती उचलली, एकावर एक, एकावर एक, सगळं सभागृह त्या नावानं भरलं. लोक रडत होते. माझ्या मुलीनं माझ्याकडे पाहिलंच नाही. तिनं मान वळवली आणि शालूच्या तोंडाकडे पाहिलं. आवाज तिथून यायला हवा होता, एवढं तिला कळत होतं.

शालू समोर बघत होती. हलली नाही.

कार्यक्रमानंतर एका बाईंनी माझे हात धरून विचारलं, शेवटचं ते कुठून सुचलं? मी म्हणाले, "लेकीला पाजताना आपोआप यायचं." शालू माझी मुलगी कडेवर घेऊन तिथेच उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. ती कणीक मळत होती.

"ताई, ते नाव तुमाले कुठून भेटलं?"

"कोणतं नाव?"

तिनं ते घेतलं. मोठ्यानं. आमच्या घरात पहिल्यांदा.

आता तरी? आता तरी सांगायचं ना? ती विचारत होती, ओरडत नव्हती. मला वाटतं, मी खरं बोलले असते तर कदाचित तिला बरंही वाटलं असतं — कुणीतरी तिच्या मुलाचं नाव ऐकलं होतं म्हणून. मी म्हणाले, "नाव नाही गं ते. नुसती अक्षरं आहेत. सुराला बसली म्हणून घेतली."

"असं काय," ती म्हणाली, आणि पुन्हा कणकेकडे वळली.

त्यानंतर मी तिला गुणगुणताना ऐकलं नाही. पुढच्या वर्षी दिरांनी रोहणा गावी जाऊन शेती करायचं ठरवलं आणि ते दोघं निघाले. तिला पुन्हा मूल झालं नाही. सामान गाडीत चढलं, सासूबाई डोळे पुसत होत्या. शालू माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला धरलं, तेव्हा ती माझ्या कानाशी बोलली.

"त्याचं तेवढंच होतं माह्यापाशी, ताई. आता म्या नाव घेतलं तं मले तुमचाच आवाज आयकू येते."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "सांभाळून जा," म्हणाले.

त्या प्रयोगामुळे मला नाव मिळालं. ठिकठिकाणी बोलावणी येतात. दर वेळी निघताना ठरवते, शेवटचा भाग बदलायचा, दुसरी अक्षरं घ्यायची. घेऊनही पाहिली. त्या जागी दुसरं काही बसत नाही.

मागच्या महिन्यात पुण्यात प्रयोग होता. मी तेच गायले.