खांद्यावरचा अभ्यास

मान आखडली म्हणून मी इथे अमेरिकेत, कॅरी गावातल्या एका मसाज स्कूलमध्ये गेले. तिथे माझ्यावर सराव करणारी विद्यार्थिनी पन्नाशीची चिनी बाई होती. चीनमध्ये तिने वीस वर्षं हेच काम केलं होतं, पण इथल्या लायसन्सच्या इंग्लिशमधल्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती.

"हात पास," माझ्या खांद्यात कोपर रुतवत ती म्हणाली, "तोंड फेल."

पालथं पडल्यावर टेबलाला चेहऱ्यासाठी असलेल्या भोकातून जमिनीवर चिकटवलेला कागद दिसला. त्यावर स्नायूंची चित्रं आणि इंग्लिश नावं होती. ती एकेक स्नायू दाबत त्याचं नाव म्हणायची आणि विचारायची, "राइट?"

मी मीटिंगमध्येही कुणाची चूक दाखवत नाही. प्रत्येक वेळी "राइट" म्हणत गेले.

तिने हात उचलले. "शेवटचं मी मुद्दाम चुकवलं. तू गोड बोलून मला परत फेल करणार."

मग मी प्रत्येक चूक सांगितली.

आता मान दुखत नाही. तरी मंगळवारची वेळ घेतली आहे, कारण तिची परीक्षा बुधवारी आहे.