पानात न मावणारी आई

धाकटीने ऐन उमेदीची वर्षं बेडकाचं पोट फाडून दाखवण्यात घालवली. म्हणजे चित्रात हो! शाळेच्या पाठ्यपुस्तकांतलं बेडकाचं आतडं, हृदयाचे कप्पे, समुद्रातून ढगात आणि ढगातून डोंगरावर जाणारे बाण, सगळं तिच्याच हातचं. बाण काढून काढून जीव विटला होता बिचारीचा. थोरली बहीण लग्न होऊन कधीची दूर गेली, हिच्या स्वतःच्या केसांत पांढरं आलं, तरी घरीदारी हिचं नाव आपलं धाकटीच. अशात एका प्रकाशनाच्या संपादकबाईंनी तिला बोलावलं आणि लहान मुलांचं अख्खं चित्रपुस्तक तिच्या हाती दिलं. गोष्ट दुसऱ्या कुणाची, पण चित्रं सगळी हिची आणि मुखपृष्ठावर नावही हिचं. धाकटी त्या दिवशी रस्त्याने एकटीच हसत घरी आली.

गोष्ट एवढीशी. पाण्याला घाबरणारी एक मुलगी आणि तिला पोहायला शिकवणारी आई. पानावर एकेकच ओळ. आताच्या चित्रपुस्तकांची गंमत तीच असते, शब्द जे सांगत नाहीत ते चित्राने सांगायचं. शब्दांत आहे तेच पुन्हा काढायचं तर चित्रकार हवा कशाला? मधल्या दोन पानांवर मिळून ओळ होती, ‘मग आईने उडी मारली.’ बास. कसली आई, कसली उडी, सगळं चित्रावर सोडलेलं.

आता धाकटीला आई शोधायला लांब कशाला जायला हवं? तिची स्वतःची आई जन्मभर तरणतलावावर मुलांना पोहायला शिकवत आलेली. सगळे तिला मास्तरीण म्हणत. बाई चांगली रुंद, दंड म्हणजे दंड आणि पोट म्हणजे पोट. तिला शिट्टी लागत नसे, नुसती हाक मारली की पलीकडच्या काठावरचं पोर दचकून सरळ हातपाय मारायला लागे. रडणाऱ्याला खांद्यावर टाकून ती पाण्यात शिरली की रडणारं रडायचं विसरून तिच्या मानेला घट्ट धरून बसे. काठावर बसलेले आईबाप मात्र खुसुखुसू हसत. “बाई उतरल्या, पाणी वर आलं बघा,” असलं काहीतरी. मास्तरीण ऐकून न ऐकल्यासारखं करी.

धाकटीने ती उडी काढली. कागद ओला करून त्यावर निळा सोडला, फेसाच्या जागी रंग लावलाच नाही, कागदाचा पांढरा तसाच राखला. आई एवढी मोठी, की एक कोपर डाव्या पानाच्या बाहेर आणि एक पाऊल उजव्या पानाच्या बाहेर. पुस्तक शिवताना मधल्या घडीत चेहरा गेला तर चित्राचा सत्यानाश होतो, म्हणून चेहरा तेवढा जपून बाजूला घेतला. तळाशी कोपऱ्यात ती चिमुरडी, अंगावर लाट येतेय आणि ही पहिल्यांदाच खो खो हसतेय.

मास्तरीण खनपटीलाच बसली होती, “दाखव की गं, काय काढतेस एवढं?” धाकटी म्हणे, “पुस्तक होऊन आलं की बघ.” तिला आईला चकित करायचं होतं.

संपादकबाईंनी चित्रं पाहिली आणि तोंडभरून कौतुक केलं. मग चहाचा कप बाजूला सारत म्हणाल्या, “फक्त आई तेवढी जरा बारीक करू या का?”

“का हो?”

“अहो, पुस्तकं मुलं नाही घेत, आईवडील घेतात. त्यांना छान वाटायला हवं ना! आणि गोष्टीत कुठे लिहिलंय आई जाड आहे म्हणून?”

“बारीक आहे असं तरी कुठे लिहिलंय?” धाकटीने विचारलं.

बाई हसल्या, “बघू या” म्हणाल्या, आणि धाकटीला वाटलं विषय मिटला. कसला मिटतोय! सभ्य माणसं ‘बघू या’ म्हणाली की समजावं, त्यांचं बघून झालेलं असतं.

छापण्याआधीची नमुना प्रत घरी आली तेव्हा धाकटी बाहेर गेली होती. परत येऊन बघते तर मास्तरीण चष्मा लावून पानं उलटत बसलेली.

“छान झालंय गं! रंग तर असे, की हात घातला तर ओला होईल. पण ही बाई कोण?”

धाकटीने वाकून पाहिलं. कुणीतरी संगणकावर बसून आईला तासलं होतं. कंबर मुठीत मावेल एवढी, कोपर आत, पाऊल आत, सगळी बाई कशी शिस्तीत पानाच्या आत.

“तू आहेस ती,” धाकटी म्हणाली. “म्हणजे, होतीस.”

चष्मा काढून मास्तरणीने पदराला पुसला. “असं होय,” ती म्हणाली. “मग बरंच केलं त्यांनी. राहू दे असंच. चारचौघांत बरं दिसतं.” आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच झाकणांची आदळआपट करत राहिली.

धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या बाईंचा राग तर आलाच, पण त्याहून जास्त आला स्वतःचा. कपाटातले जुने फोटो तिला एकदम आठवले. एकात आई खुर्चीच्या मागे, एकात तिच्या अंगावर ऐसपैस टॉवेल, थोरलीच्या लग्नात मामाच्या पाठीआडून तिचा नुसता कान. बाकी सगळ्यांत आई नाहीच, कारण “तुम्ही उभे राहा रे, मी काढते!” आईला फोटो काढायची हौस आहे असं दोघी मुलींना इतकी वर्षं वाटत होतं. हौस कसली, कप्पाळ! काठावरचं प्रत्येक हसू तिने ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच धाकटी प्रकाशनाच्या कचेरीत जाऊन धडकली. नमुना प्रत टेबलावर उघडून म्हणाली, “आई बारीक केलीत, पण पाणी तेवढंच ठेवलंत. एवढ्याशा बाईने एवढं पाणी उडवलं कसं? मागून हत्ती पडला का?”

संपादकबाईंनी पान जवळ घेतलं. हे त्यांच्या खरंच लक्षात आलं नव्हतं. क्षणभर त्या ओशाळल्या, मग शांतपणे म्हणाल्या, “बरोबर आहे तुमचं. पाणी पण कमी करू.”

धाकटीला हसूच फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. “नको. माझी मूळ चित्रं परत द्या मला.”

“अहो, पहिलं पुस्तक आहे तुमचं! एका पोटापायी सोडताय? गोष्ट दुसऱ्या चित्रकाराकडे जाईल. आणि स्पष्टच सांगते, इथून पुन्हा बोलावणं येणार नाही.”

आता मात्र भीती वाटली धाकटीला, खोटं कशाला सांगा? पुढे सगळं आयुष्य पुन्हा तेच बाण, तेच ढग. ‘चालेल’ एवढा एक शब्द बोलली असती तर नावासकट पुस्तक हातात होतं. पण ती उठली.

“बेडकाचं पोट कमी करा असं आजवर मला कुणी म्हटलं नाही,” ती म्हणाली. “ते काम परवडलं.”

घरी येऊन तिने सांगितलं तर मास्तरीण भडकलीच. “माझ्यापायी? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तुला सांगायला आले होते मी, माझं चित्र काढ म्हणून? जन्मभर लोक हसले ते पुरलं नाही, आता छापून हसवायचं होतं का मला?”

“हसणारे काठावर होते गं! मी पाण्यात होते,” धाकटीचाही आवाज चढला. “मला तूच दिसायचीस तेवढी. तू उडी मारलीस की सगळा तलाव हलायचा, आणि मला वाटायचं, आता मला काही होत नाही! ते काढलंय मी. ते बारीक होत नाही, मी काय करू?”

तिने परत आणलेल्या मूळ चित्राचा मोठा कागद जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

मास्तरीण दारातून पुढे आली. मग गुडघ्यावर हात टेकत खाली बसली. पानाबाहेर गेलेल्या हातावरून तिने बोट फिरवलं, लाटेवरून फिरवलं, पोटावर येऊन थांबली.

“हे माझं?”

“तुझंच.”

“माझं एवढंच आहे?”

धाकटीने वळून पाहिलं.

“संपादकबाईंना एवढी नावं ठेवून आलीस,” मास्तरीण म्हणाली, “आणि चांगली दोन बोटं तूही चोरलीस की! काय, भ्यालीस ना?”

धाकटीला तोंडात मारल्यासारखं झालं. खरं होतं ते. पेन्सिलीची पहिली रेघ तिने खोडली होती आणि जराशी आत घेतली होती. उगाच, कुणी हसायला नको म्हणून. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही.

“चुकलंच माझं,” ती पुटपुटली.

मास्तरीण उठली आणि आतल्या खोलीत गेली. बाहेर आली ती पोहण्याचा काळा पोशाख घालून. टॉवेल नाही, काही नाही. भर उजेडात, खिडकीसमोर, कमरेवर हात ठेवून ती उभी राहिली.

“बघतेस काय?” ती म्हणाली. “घे कागद. मोठा घे.”