निपाणीचे कॅप्टन सरनोबत

निपाणीच्या स्टँडमागं वीरेंद्र अण्णांचं टायपिंगचं दुकान आहे. लग्नपत्रिका, अर्ज, कन्नड-मराठी दोन्हीतली पत्रं, सगळं तिथं टाइप होतं, आणि ते करते ब्राह्मी चौगुले. वय तेवीस. वडील कलगोंडा तंबाखू पिकवतात. पोरगी म्हणजे गरीब गाय, असं गावाचं मत. ते साफ चुकीचं होतं, पण तिनं ते कधी खोडून काढलं नाही.

दोन वर्षांपूर्वी वाचनालयाच्या स्पर्धेत तिनं एक कथा दिली होती. तिच्या समुद्रात बेटं गलबतांसारखी फिरत असतात. काळिंदी नावाची मुलगी केस कापून, खलाशाचा वेष घेऊन आरमाराच्या सरखेलाच्या जहाजावर चढते, कारण त्यानं तिच्या बापाचं तारू बुडवलेलं असतं. परीक्षक होते निवृत्त मुख्याध्यापक मारुतीराव, वाचनालयाचे सर्वेसर्वा. त्यांनी पहिलं पान वाचलं, भर सभेत ते कागद दोन बोटांत धरले, दोनदा खाकरले आणि विचारलं, समुद्र पाहिला आहेस का? ब्राह्मी नाही म्हणाली.

"मग आधी पाहून ये. तोवर बिडीवर लिही."

लोक हसले. ब्राह्मीही हसली, आणि घरी येऊन तिनं सरखेलाला दोनदा खाकरायची सवय लावली.

मग ती थांबलीच नाही. सरखेल खुर्चीत बसण्याआधी रुमालाची चौघडी अंथरू लागला. खलाशांच्या पत्रांतल्या वेलांट्या लाल शाईनं दुरुस्त करू लागला. वादळात शीड फाटलं तरी "मुद्दा काय?" असं विचारू लागला. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ब्राह्मी एक प्रकरण टाइप करायची आणि मोबाइलवरच्या वाचनाच्या अॅपवर कॅप्टन सरनोबत या नावानं टाकायची. परिचयात एकच ओळ होती: आयुष्य पाण्यावर गेलं.

सातव्या प्रकरणापर्यंत निपाणीतली कॉलेजची पोरं ही कादंबरी वाचू लागली. त्यांतल्याच कुणीतरी ती मारुतीरावांना दाखवली. हेतू काही शुद्ध नव्हता. पण मारुतीरावांना ना काळिंदी आठवली, ना स्वतःची ओळख पटली. उलट ते लेखकावर बेहद्द खूश झाले. दर शनिवारी संध्याकाळी ते वाचनालयात एकेक प्रकरण मोठ्यानं वाचू लागले. सरखेलाचं बोलणं आलं की आधी दोनदा खाकरायचे, कारण तसं लिहिलेलंच असायचं. पोरं वह्यांमागं तोंड लपवायची. शेवटच्या बाकावरची ब्राह्मी मात्र अगदी गंभीरपणे ऐकायची. इतकं सुख तिला आजवर कशातच मिळालं नव्हतं.

एका सोमवारी मारुतीराव दुकानात आले, खुर्चीवर रुमाल अंथरून बसले आणि कॅप्टन सरनोबतांना पत्र सांगू लागले. आपल्यासारखा दर्यावर्दीच असं लिहू जाणे, वगैरे पाच वाक्यं ब्राह्मीनं मान खाली घालून टाइप केली. मग ते थांबले. आवाज जरा उतरला.

"पुढं लिही. सरखेलाला बुडवू नका. तो कठोर आहे, दुष्ट नाही. बायको गेल्यापासून त्याच्याशी कुणी धड बोललेलं नाही, म्हणून तो चुका काढत फिरतो."

ब्राह्मीची बोटं थबकली. सरखेलाला बायको होती, असं तिनं कुठंच लिहिलं नव्हतं.

बुडवण्याचं प्रकरण त्याच कॉम्प्युटरवर तयार होतं. सर गेल्यावर तिनं ते पुसून टाकलं. पण सगळंच माफ करण्याइतकी ती गरीब गाय नव्हती. तिनं सरखेलाला एका फिरत्या बेटावर एकटा सोडला आणि सोबतीला दिली एक मैना, जी प्रत्येक शब्द चुकीचा बोलायची.

वाचनालयाच्या वर्धापनदिनाला कॅप्टन सरनोबत पाहुणे म्हणून यायचे ठरले. कोल्हापूरच्या गाडीनं येतो, असं उत्तर ब्राह्मीनंच पाठवलं होतं. शाल-श्रीफळ तयार होतं. मारुतीराव फाटकात उभे राहून कोल्हापूरच्या गाडीची वाट बघत होते. ब्राह्मी त्यांच्याजवळ गेली.

"सर, कॅप्टन आल्यात."

"कुठं आहेत?"

"हितंच. मीच हाय."

मारुतीरावांनी हळूच विचारलं, "ती स्पर्धेतली कथा हीच का गं?"

"व्हय. तुमी पैलं पानच वाचलासा."

"आणि सरखेल?"

ब्राह्मी जमिनीकडं बघू लागली. तेवढ्यानं त्यांना शनिवारची सगळी खसखस एकदम समजली. त्यांचे कान लाल झाले. आता ते घरी निघून जाणार असं तिला वाटलं. पण ते तिला घेऊन आत गेले आणि माइकपुढं दोनदा खाकरले. सभागृह हसून लोटपोट झालं. हसणं थांबेपर्यंत ते उभे राहिले, मग या लेखिकेची कथा आपण पुरती न वाचताच बाजूला टाकली होती हे त्यांनी सांगितलं आणि ब्राह्मीच्या खांद्यावर शाल घातली.

शेजारी बसल्यावर त्यांनी विचारलं, सरखेल त्या बेटावरून परत येणार का?

"बघू की," ब्राह्मी म्हणाली. "वागणुकीवर हाय."