अस्वलाऐवजी बैल

"ताई, एक शब्द पायजे होता."

वाचनालयाच्या दारात गमबूट काढून ठेवायचे, दोन्ही हात नाकाशी नेऊन एकदा वास घ्यायचा, आणि मग हे वाक्य. बाकीचे लोक माझ्याकडे पुस्तकं मागत. खरं सांगायचं तर तेही मागत नसत, पेपर चाळून पंख्याखाली डुलक्या काढत. हा माणूस मात्र शब्द मागायला यायचा आणि मिळाला की खिशात घालून निघून जायचा.

महागाव रस्त्यावरच्या आमच्या गावात वाचनालयाची आणि जनावरांच्या दवाखान्याची भिंत एकच. तिकडे म्हैस ओरडली की इकडे माझ्या टेबलावरची खतावणी हलते म्हणा ना. हा त्या दवाखान्यात ड्रेसर होता. सरकारी कागदावर त्याचं पद 'व्रणोपचारक', जे त्याला स्वतःलाही एका दमात म्हणता येत नसे. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, जनावर धरून ठेवायचं, हे काम. खेड्यांतले लोक त्यालाच डॉक्टर म्हणत. वय पन्नाशीचं, मूळ गाव झरी जामणीकडचं, जंगलातलं.

पहिल्यांदा आला तेव्हा विचारलं काय, तर तलवार म्यानातून काढताना जो आवाज होतो त्याला काय म्हणतात.

"खणखणाट," मी म्हटलं.

"तो भिडल्यावरचा झाला. काढतानाचा पायजे."

मी वैतागलेच. फिनेलच्या वासाचा हा माणूस, याला कशाला हवी तलवार? तेव्हा त्यानं जरा लाजत फोन पुढे केला.

हिंदीत डब केलेली एक मालिका होती. बर्फाचा डोंगर, त्यावर सात दरवाज्यांचा किल्ला, आत राणी, जादूगार, चेटकिणी, आणि अगदी बाहेरच्या दरवाज्यावर एकटा पहारेकरी, त्याच्यासोबत एक भलंमोठं पांढरं अस्वल. मालिकेच्या वेड्यांनी फोनवर एक ग्रुप काढला होता. प्रत्येकानं एकेक पात्र घ्यायचं आणि आपलं पात्र आता काय करतं, काय बोलतं, ते मराठीतून लिहायचं. एकानं लिहिलं की दुसरा त्याला जोडून लिहिणार. नाव, गाव, धंदा कोणी कोणाला विचारायचा नाही, हा नियम. ग्रुप चालवणारी मुलगी राणी झाली होती, तिला सगळे राणीसरकार म्हणत. आमच्या ड्रेसरनं पहारेकरी घेतला होता.

"काहून पहारेकरीच?" मी त्याच्याच भाषेत विचारलं.

"याले कोणी बदली देत नाही, रजा देत नाही. तरी उभा हाय बिचारा."

अडचण एकच होती, अस्वल. "ताई, अस्वलाले सोबतीले कोण घेईन? ज्यानं हे लिवलं त्यानं अस्वल पाह्यलं नाही." त्याच्या मामाचा अर्धा चेहरा मोहफुलं वेचताना अस्वलानं नेला होता. त्यामुळे त्यानं राणीसरकारांना रीतसर अर्ज केला होता. तो मी डोळ्यांनी वाचला. "विषय : अस्वलाऐवजी बैल मिळणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करतो की, अस्वल हा प्राणी स्वभावाने सोबतीस अयोग्य आहे..." खाली "आपला विश्वासू, पहारेकरी, दरवाजा क्रमांक सात."

मी इतकी हसले की पंख्याखालचे दोन वाचक जागे झाले.

अर्ज मंजूर झाला. अट अशी की बैल पांढरा हवा आणि त्याच्यात काहीतरी दैवी शक्ती हवी. यानं दोन दिवस विचार केला. उडता येणं नको म्हणाला, पडला तर पाय मोडेल. आग ओकणं नको, वैरण जळेल. शेवटी ठरलं की बैलाला जमिनीखालच्या पाण्याचा वास येतो. नाव ठेवलं चांद्या.

पुढे जे घडलं त्याला माझा नाइलाज होता. दुपारी दवाखान्यातली गर्दी ओसरली की हा यायचा, फोन माझ्या बोर्डाला चार्जिंगला लावायचा आणि लिहायला बसायचा. आठवड्याभरात त्यानं मलाही ग्रुपात ओढलं. किल्ल्याखालच्या सरायची मालकीण ही जागा रिकामी होती, ती माझ्या गळ्यात पडली.

तुम्ही त्याचं लिहिणं वाचायला हवं होतं. बाकीचे विजा पाडत, आकाश फाडत. याचं सुरू व्हायचं ते असं : "शत्रू दिसला. आधी चांद्याले पाणी पाजलं." एकदा राक्षस दरवाज्यावर येऊन ठेपला तरी हा उठेना. राणीसरकार तडकल्या, "पहारेकरी, राक्षस समोर उभा आहे!" यानं लिहिलं, "त्याले दोन मिनिटं थांबा म्हणा. रवंथ करत्या बैलाले उठवत नाही." आणि तुम्हाला सांगते, राक्षस झालेला तो कोण कुठला पोरगा, तो खरंच थांबला!

हळूहळू सगळ्यांना त्या बैलाचा लळा लागला. चेटकिणीनं आपल्या घुबडाला जंत झाले असतील का, असं विचारलं. सेनापतीनं घोड्याच्या खुराची तक्रार आणली. हा प्रत्येकाला उत्तर द्यायचा, तेही मालिकेच्या थाटात, पण औषध खरं. खरं म्हणजे हा कोण आहे हे त्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं.

मग ते वर्ष आलं. पोळ्याच्या आधीच खेड्यांतून गाईबैलांच्या अंगावर गाठी यायला लागल्या. लंपी. त्या वर्षी आमच्याकडे पोळा भरला नाही. बैल घरच्या घरी पुजले, तोरणाखाली कोणी नेले नाहीत. लस निरोगी जनावरालाच देता येते. ज्याला गाठी आल्या त्याला तापाचं इंजेक्शन, फुटलेल्या गाठींना मलम, आणि पुढे त्याचं नशीब. आमचा ड्रेसर सकाळपासून मोटारसायकलवर गावोगाव फिरायचा आणि दुपारी वाचनालयात येऊन नुसता बसायचा. शब्द मागणं बंद झालं.

एक दिवस म्हणाला, "ताई, आज एका बाईच्या गोठ्यात गेलतो. वासराचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. म्हणे, डॉक्टर, काहीतरी करा ना जी. मले माहीत होतं, काही होत नाही. तरी मलम लावत राह्यलो. डबी संपेपर्यंत."

त्याच दुपारी त्यानं ग्रुपात लिहिलं, "आज चांद्यानं चारा सोडला."

माझ्या फोनवर ते वाचलं आणि मी खुर्चीतून उठलेच. "अहो, हे काय केलंत तुम्ही!"

"मी नाही केलं, ताई. त्याले झालं."

"त्याले कसं होईल? तो तुमच्या बोटांत आहे! तुम्ही लिहाल तेच होणार!"

तो फोनकडे पाहत राहिला.

ग्रुपात हलकल्लोळ माजला. जादूगारानं चंद्राच्या दुधाचा काढा पाठवला. चेटकिणीनं तीन रात्रींचा मंत्र म्हटला. राणीसरकारांनी अमृतकुंड उघडून दिलं, जे मालिकेत फक्त राजघराण्यासाठी होतं. हा प्रत्येकाचे आभार मानायचा आणि खाली लिहायचा, "पाजलं. उतार नाही." "लावलं. ताप कायम." शेवटी राणीसरकार चिडून म्हणाल्या की मालिकेत अस्वल शेवटपर्यंत जिवंत आहे, तेव्हा बैलाला मारायची परवानगी नाही. त्यावर यानं लिहिलं, "परवानगी मीही देत नाही, सरकार."

मी हात जोडले. "एक ओळ लिहा हो. 'चांद्या उठला.' दोन शब्दांचं काम. इतकी माणसं जीव टाकून बसलीत."

त्यानं खरंच लिहायला घेतलं. 'चांद्या उठला' एवढं लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. मग म्हणाला, "इथं दोन शब्दात उठवला, तं त्या बाईले उद्या काय सांगू? तिचं वासरू काहून नाही उठलं?"

तुम्ही त्या बाईला काय सांगितलं असतं?

दुसऱ्या दिवशी त्याला तातडीचं बोलावणं आलं आणि तो फोन माझ्या बोर्डावर विसरून गेला. स्क्रीनवर ग्रुप उघडाच होता. मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. पण तेव्हा वाटलं, हा वेडा माणूस स्वतःला जाळतोय, कोणीतरी थांबवायला हवं. मी त्याच्या फोनवरून लिहिलं, "चांद्या उठला." आणि पाठवून दिलं. किल्ल्यावर नगारे वाजले. दिवे लागले. सेनापती रडला म्हणे.

संध्याकाळी वाचनालय बंद करायच्या वेळी तो आला. फोन घेतला, वाचलं. मला रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं उभ्या उभ्याच लिहिलं : "उठला होता. चार पावलं चालला, पाण्याच्या टाक्याकडं पाह्यलं. मंग मागचे पाय गेले. शेवटी एकदा असे उठतात ते."

"माफ करा," मी म्हटलं.

"तुमचं काही चुकलं नाही, ताई. मीबी रोज तेच करून राह्यलो. जाऊन मलम लावतो."

दोन दिवसांनी चांद्या गेला. यानं लिहिलं ते सगळं जसंच्या तसं मला आठवतं : "चांद्या आज सकाळी गेला. खड्डा करा लागते. बैल जड असते, एकट्यानं ओढत नाही. आमच्याकडं रोगाच्या भीतीनं कोणी येत नाही. कोणी येईल काय?"

मला भीती वाटली, आता कोणी जादू काढून त्याला पुन्हा उठवतो की काय.

मग सेनापतीनं लिहिलं, "मी येतोय. दोर आणतो." जादूगारानं लिहिलं, "काठी ठेवली. फावडं घेतलं." चेटकीण आली. तो राक्षस आला, म्हणाला, मागचे पाय मी धरतो, माझ्यात ताकद आहे. राणीसरकार अनवाणी सात दरवाजे उतरून आल्या. एकेक करत सगळा किल्ला खाली आला. मी सरायवाली, मला काय येणार? मी लिहिलं, "मी खड्ड्यात टाकायला मिठाचं पोतं आणलं."

तो माझ्यासमोरच बसला होता. प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचत होता. "खोल खणा," त्यानं लिहिलं, "कुत्रे उकरतात." मग फोन टेबलावर उलटा ठेवला आणि फिनेलचा वास येणाऱ्या त्या दोन हातांत तोंड खुपसून रडला. वाचनालय आहे, शांतता राखा, अशी पाटी माझ्या डोक्यावर होती. मी त्याला रडू दिलं.

थोड्या वेळानं म्हणाला, "किती खड्डे केले ताई या महिन्यात. मालक आन् मी, दोघंच ओढत होतो. आज पह्यल्यांदा इतके लोक आले."

त्यानंतर त्यानं ग्रुपात काही लिहिलं नाही. दिवाळीनंतर झरी जामणीकडे बदली झाली, त्यानंच मागून घेतली होती असं दवाखान्यात कळलं. जाताना भेटायला आला तेव्हा मी नेमकी यवतमाळला मीटिंगला गेले होते. त्याच्या गावाकडे जंगलात रेंज लागत नाही. मी फोन करून पाहते, एक बाई दर वेळी तेच वाक्य ऐकवते.

मी मात्र ग्रुपात आहे. परवा राणीसरकारांनी मला वेगळा निरोप पाठवला. नियम मोडून त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, "पहारेकरी खरे कोण होते हो?"

मी लिहिलं, "जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर. लंपीच्या साथीत होते."

त्यांचा प्रश्न आला, "म्हणजे चांद्या खरा होता?"

मी लिहिलं, "एक नव्हता गं पोरी. किती तरी होते."