जीपचा जुना आवाज
जळलेल्या ऑईलचा वास आला की मला देऊळघाटच्या घराचं अंगण आठवतं. आमची जुनी जीप निळा धूर सोडायला लागली होती. बुलढाण्याच्या मिस्त्रीनं इंजिन उघडलं, झिजलेल्या सिलिंडरवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "भाऊ, सिलिंडर घासून बोअर करूनबी किती दिवस चालन? दुसरं इंजिन टाकून घ्या." काचबिंदूनं नजर गेलेल्या वडिलांना विचारलं, तर ते एवढंच म्हणाले, "हेच बांधून घे. तिचा आवाज आला का मले समजते, तू आला." मी ऐकलं नाही. आठवड्यानं दुसरं इंजिन बसवलेली जीप अंगणात आणली. ती इतकी शांत चालत होती की मलाच कौतुक वाटत होतं. वडील कडुनिंबाखाली बाजेवर होते. त्यांनी घाईनं टोपी सारखी केली, सरकून जागा केली आणि म्हणाले, "या, बसा. पोरगा बुलढान्याले गेला हाय, येईनच आता." मी पाहुण्यासारखा त्यांच्या शेजारी बसलो. आज बाज रिकामी आहे, जीपही कधीच विकली. गोठ्यात पडलेलं ते झिजलेलं इंजिन मात्र मला अजून भंगारात देववत नाही.