उघड्या डोळ्यांची प्रार्थना

आमच्या पाळकीणबाई प्रार्थनेत डोळे मिटत नसत. सगळं चर्च माना खाली घालून बसलेलं असे आणि बाई बाकांवरून नजर फिरवत. कोणी टोकलं तर म्हणत, "डोळे मिटल्यावर कोण रडतंय ते दिसत न्हाई मला."

त्यांचे यजमान म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब. त्यांची रीत वेगळी. शुक्रवारी कडकडीत उपास, पहाटे माळावर एकट्यानं प्रार्थना. ते समोर आले की आपला आवाज आपोआप खाली यायचा. बाईंना उपास सोसत नसे. "ह्यांना देव माळावर भेटतो," त्या हसून म्हणायच्या, "मला मेलीला माणसांतच हुडकावा लागतो."

मांजरसुंब्याजवळ ट्रकच्या धडकेत त्यांचा एकुलता मुलगा गेला. ट्रक उलटून ड्रायव्हरचे दोन्ही पाय मोडले. परमुलखातला माणूस, जवळचं कुणी नाही. मी बीडला नर्स होते, तो माझ्याच वॉर्डात होता.

मुलाच्या दफनाला आठवडाही झाला नसेल. बाई डबा घेऊन त्याच्या खाटेशी आल्या. त्या कोण हे कळताच तो भिंतीकडे तोंड करून हमसू लागला. बाईंनी दुधात भाकरी कुस्करली. "खा बाबा," म्हणाल्या आणि भरवू लागल्या. मग रोजच येऊ लागल्या.

"बाई, कसं जमतं हो तुम्हाला?" मी एकदा जिन्यात विचारलं.

"जमत न्हाई गं." त्यांनी कठडा घट्ट धरला होता. "रोज दारात पाय अडतो. मग म्हणते, प्रभू, तू हो पुढं, मी येते मागनं."

साहेबांना हे सोसलं नाही. ते घरात बोलेनासे झाले, दिवसदिवस माळावर बसू लागले. मी काही बोलायला गेले तर बाईंनी मलाच अडवलं. "नावं ठेवू नको त्यांना. ते तिथं देवाशी भांडायलेत. माझ्यापेक्षा लई अवघड हाय ते."

एका सकाळी साहेब वॉर्डात आले. उपासांनी चेहरा ओढलेला. ड्रायव्हर घाबरून उठू लागला. साहेबांनी खांद्याला धरून त्याला निजवलं. मग ते वाकले, खाटेखालचं घाणीचं भांडं उचललं, संडासात नेऊन स्वतःच्या हातांनी धुऊन आणलं.

बाई डबा घेऊन दारात थबकल्या होत्या. जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "प्रार्थना करा ना."

"तूच कर," साहेब म्हणाले.

मी इंजेक्शनचा ट्रे घेऊन तशीच उभी. फिनेलचा वास येत होता, पलीकडे कुणी कण्हत होतं. मला पायातल्या चपला काढाव्याशा वाटल्या. मी त्या काढल्या.