सहावा रकाना

हॉलंडला मी जेमतेम तीन आठवडे राहिलो असेन. पण परत आल्यावर दुबईत माझं बोलणं ऐकून कुणालाही वाटलं असतं, की तो देश समुद्रातून उपसून काढला तेव्हा एक टोपली मीही डोक्यावर घेतली होती. कंपनीने पाठवलं होतं पंपांच्या ट्रेनिंगला. पंपांचं फारसं काही माझ्या डोक्यात उरलं नाही. उरला तो घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरातला कॉम्प्युटर.

दोन हजार सालानंतर लगेचचे ते दिवस. या बाई रोज संध्याकाळी जेवणं आटोपली की कॉफी करायच्या, प्रत्येकाला एकेक बिस्कीट द्यायच्या, डबा फटकन बंद करायच्या आणि इंटरनेटवर बसायच्या. स्पेनच्या एकाच किनाऱ्यावरची शंभर हॉटेलं त्या बघायच्या. विमान कुठलं, खिडकीतून समुद्र दिसतो की शेजारच्याची वाळत घातलेली चड्डी, सगळं तपासायच्या. पानं छापायच्या, नवरा त्यावर पेन्सिलीने रेघा मारायचा. शेजारीण आपली पानं घेऊन यायची आणि मग दोघी जणी, आपल्याकडे बायका बांगड्यांची घडणावळ पडताळून बघतात तशा, एकमेकींची विमानं पडताळायच्या. मी तोंडाचा आ करून बघत बसायचो.

आणि एवढं सगळं झाल्यावर शनिवारी सकाळी बाई ती पानं पिशवीत घालायच्या, सायकलवर टांग टाकायच्या आणि कोपऱ्यावरच्या ट्रॅव्हलच्या दुकानात जाऊन तिथल्या मुलीला विचारायच्या, "हे बरोबर आहे ना गं?" तिकीट घ्यायच्या ते तिच्याकडून. म्हणायच्या, बघायचं मशीनवर, पण घ्यायचं माणसाकडून.

हा शेवटचा भाग मी दुबईत कुणालाही सांगितला नाही.

दुबईत मी सांगायचो ते असं: तिथे माणूस टबात आंघोळीला उतरतो, पाय बुडेपर्यंत विमान ठरवतो, गुडघे बुडेपर्यंत हॉटेल, आणि साबण लावेपर्यंत तिकीट दारात. ट्रॅव्हल एजंट नावाची जमातच तिथे नामशेष झाली, शेवटचा एक म्युझियममध्ये पेंढा भरून ठेवलाय. अल क्वोजच्या आमच्या गोदामात दुपारी डबे उघडले की ही कथा चालायची आणि दर डब्यागणिक टबातलं पाणी वाढायचं.

सगळ्यात मन लावून ऐकायचे ते चाचा. चाचा म्हणजे आमचे स्टोअरकीपर, रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावातले. घरदार सगळं गावी, स्वतः कंपनीच्या खोलीत इतर पाच जणांबरोबर. माझी बायको चिपळूणची, त्यामुळे जुम्म्याची नमाज झाली की ते बर दुबईला आमच्या फ्लॅटवर जेवायला येत आणि दोघं मिळून मला न समजणाऱ्या माशांवर बोलत. त्यांच्या धाकट्या मुलीचा निकाह ठरला. मोठीच्या निकाहला त्यांना सुट्टी मिळाली नव्हती, त्यांच्या भावाने वकील, म्हणजे बापाचा प्रतिनिधी, म्हणून त्यांच्या जागी बसून तो लावून दिला होता. ही गोष्ट चाचांनी मला इतक्या हळू आवाजात सांगितली होती, की या वेळी ते पोहत का होईना जाणार हे मला तेव्हाच कळलं.

"बर दुबईतल्या आपल्या एजंटकडे तिकीट सांगून ठेवतो," ते म्हणाले.

"चाचा, त्या कळकट दुकानात चहा प्यायला जायचं तर जा," मी म्हटलं. "तिकीट मी काढतो. घरबसल्या."

"पण भाऊ, कागद मिळेल ना? हातात कागद असला की बरं वाटतं."

"कागद? हॉलंडात कागद फक्त नाक पुसायला वापरतात."

ते हसले. मोठ्याने सगळ्यांना म्हणाले, "माझं तिकीट हॉलंडहून येणार बरं!" आणि एजंटकडे गेले नाहीत.

निकाह शनिवारी, अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजनंतर. त्यांना निघायचं होतं आदल्या गुरुवारी दुपारी. अर्धा दिवस काम उरकून विमान पकडलं, की शुक्रवार सकाळपर्यंत गावी. तारीख म्हणून आकडा कुणाच्याच तोंडात नव्हता. गावाकडून फोन यायचा तो चांदाच्या तारखेचा, आणि गोदामात आम्ही सगळे वारावर जगायचो: ह्या गुरुवारी नाही, पुढच्या.

जुम्म्याचं जेवण झालं आणि मी कॉम्प्युटर सुरू केला. फोनच्या वायरीवर इंटरनेट लागताना मांजर आणि मिक्सर यांची मारामारी चालल्यासारखा आवाज यायचा. लेक पाय आपटत आली. "बाबा, हाऊ लाँग? आय हॅव टू कॉल समवन!"

"थांब. चाचांचं विमान येतंय."

साइट उघडली ती अर्थातच हॉलंडची, घरमालकीणबाईंचीच. सगळी डच भाषेत. कोपऱ्यात इंग्रजीचं बटण होतं. ते दाबणं म्हणजे डुप्लिकेट असल्याची स्वतःच सही करून देणं. मी दाबलं नाही. मान डोलवत, मधूनच "हां, बरोबर" असं पुटपुटत मी अगम्य शब्दांवर क्लिक करत गेलो. मग आलं कॅलेंडर.

आता त्या काळातलं अमिरातीतलं कॅलेंडर कसं होतं ते सांगायला हवं. आठवडा शनिवारी सुरू, शुक्रवारी बंद. गोदामाच्या भिंतीवर तसंच, लेकीच्या शाळेच्या डायरीत तसंच. इतक्या वर्षांत मी वारांची नावं वाचणंच सोडून दिलं होतं. सहावा रकाना म्हणजे अर्धी सुट्टी, सातवा म्हणजे बिर्याणी. डोळे झाकून बोट ठेवावं. मी सहाव्या रकान्यावर बोट ठेवलं.

बायको मागे उभी होती. "अहो, हे वर झा असं काय लिहिलंय?"

"झा म्हणजे गुरुवार."

"गुरुवारला झा म्हणतात?"

"डच लोक म्हणतात. जुम्मेरातवरून आलंय ते. अरबांशी जुना व्यापार त्यांचा."

"सुभानल्ला," चाचा म्हणाले आणि त्यांनी स्क्रीनकडे अशा नजरेने पाहिलं, की मला त्या क्षणी स्वतःच सांगितलेलं खरं वाटलं.

प्रिंटरमधून पान निघालं. चाचांनी ते ऊन ऊन असतानाच घेतलं, नीट घडी घातली आणि छातीच्या खिशात ठेवलं. "बघा, कागद दिला की नाही," ते म्हणाले. जणू हॉलंडने त्यांच्यासाठी खास नियम मोडला होता.

पुढच्या गुरुवारी दुपारी मीच त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. गोदामातल्या सगळ्यांनी निरोपाच्या भेटी देऊन त्यांच्या ट्रॉलीचा डोंगर केला होता. वरच्या बॅगेत मीना बाजारातून घेतलेला मुलीचा लाल दुपट्टा होता. ती बॅग ते ट्रॉलीवर ठेवत नव्हते, हातातच धरून होते.

काउंटरवरच्या मुलीने पान पाहिलं, मग चाचांकडे पाहिलं. "अंकल, आपकी फ्लाइट आज नहीं है. परसों है. सॅटरडे."

मी पुढे झालो. मी तिला समजावलं की तिची सिस्टीम चुकते आहे. मी तिला सांगितलं की हे तिकीट हॉलंडहून आलंय. मी तिला झा या शब्दाचा अरबी इतिहासही सांगायला लागलो असतो, पण तिने स्क्रीन माझ्याकडे फिरवला. तिथे इंग्रजीत शनिवार लिहिलेला होता. हॉलंडचा आठवडा सोमवारी सुरू होतो, तिथला सहावा रकाना शनिवारचा. तीन आठवडे मी त्यातच राहत होतो, घरमालकीणबाईंना दर शनिवारी सायकलवर जाताना बघत होतो.

मग जे झालं ते मला खुलवून सांगता येत नाही. शाळांना सुट्ट्या लागल्या होत्या, मुंबईची विमानं खच्चून भरलेली. या काउंटरवरून त्या काउंटरवर मी पळत होतो आणि प्रत्येक जण मला "इन्शाल्ला" म्हणत होता. चाचा दुपट्ट्याची बॅग धरून एका खांबाशी उभे होते. "खलास," शेवटी एक सुपरवायझर म्हणाला. "हबीबी, नो सीट."

चाचांनी फोनचं कार्ड काढलं आणि मी त्यांच्या शेजारीच उभा असताना गावी फोन लावला.

"हॅलो. मीच... नाही, नाही, तब्येत ठीक आहे... आज नाही जमत. शनिवारी निघतो." मग बराच वेळ ते ऐकत राहिले. "हो," ते म्हणाले, "मला माहीत आहे शनिवारी काय आहे."

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "माझा भाऊ म्हणतोय, मागच्यासारखा मीच बसतो. पण पोरगी तिकडून ओरडतेय की अब्बा आल्याशिवाय कबूल म्हणणार नाही. आता मुलाकडच्यांकडे एका दिवसाची भीक मागावी लागेल."

भीक हा शब्द त्यांनी सहज वापरला. मला तो सहज ऐकता आला नाही.

ज्या खोलीचा निरोप घेऊन आले, तिथे ट्रॉलीसकट परत जायला ते तयार होईनात. मी त्यांना घरी आणलं. दोन दिवस ते आमच्या सोफ्याच्या कडेला बसून होते, परक्याच्या घरी बसतात तसे, पाठ न टेकता. माझ्यावर एकदाही आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी त्यांचे पाय धरले असते आणि मोकळा झालो असतो. आवाज माझ्या बायकोनेही चढवला नाही. शुक्रवारी जेवताना माझ्या ताटात वाढता वाढता तिने फक्त एवढंच म्हटलं, "अहो, ते झा म्हणजे काय, परत एकदा सांगा की." चाचांना हसू आलं.

मुलाकडच्यांनी एक दिवस दिला. चाचा शनिवारी गेले, रविवारी जुहरच्या, दुपारच्या नमाजनंतर निकाह झाला. गावात म्हणे शेजारच्या तीन गावांतले पाहुणे दोन रात्री अंगणात झोपले, आणि दावतीचे बोकड एक दिवस जास्त जगले ते माझ्या नावाने दुवा करत. हे मी रचलेलं आहे. चाचांनी परत आल्यावर एवढंच सांगितलं, "मी बसलो पोरीजवळ. झालं."

मला वाटलं, खरंच झालं. मी पुन्हा थोडं थोडं बोलायलाही लागलो.

मग एका दुपारी नवऱ्या मुलाचे काका गोदामात आले. शारजात त्यांचा कपड्यांचा धंदा होता. चाचांनी त्यांना माझ्याकडे आणलं, ओळख करून दिली, तसे ते खुर्चीत बसायच्या आधीच कडाडले.

"म्हणजे कंपनीचे साहेब तुम्हीच! काय हो, माणसाच्या मुलीचा निकाह, आणि तुम्ही त्याचा पासपोर्ट दाबून ठेवता? दोन दिवस? अल्लाला तोंड दाखवायचं की नाही?"

मी चाचांकडे पाहिलं. आमच्याकडे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असायचे हे खरं, पण चाचांचा त्यांना बुधवारीच मिळाला होता. त्यांनी हातातल्या चाव्यांकडे पाहिलं. तेव्हा मला कळलं, की गावात, मांडवात, नव्या व्याह्यांसमोर त्यांनी उशिराचं कारण म्हणून हे पासपोर्टचं सांगितलं होतं. एका सहकाऱ्याच्या बढाईवर भरवसा ठेवला असं सांगण्यापेक्षा हे त्यांना सोपं गेलं असेल. किंवा मला वाचवणं सोपं गेलं असेल. दोन्हींतलं कुठलं, ते मी अजून विचारलेलं नाही.

"ऐका," मी तोंड उघडलं. शेजारी बसलेल्या चाचांनी टेबलाखाली माझा गुडघा घट्ट दाबला. खरं सांगितलं असतं तर खोटारडे ते ठरले असते, आणि मुलगी त्या घरात नांदत होती.

"जाऊ द्या व्याही," चाचा म्हणाले. "ह्यांचा काय दोष? ह्यांच्या हातात काय असतं? उलट हे मला एअरपोर्टवर सोडायला आले. दोन दिवस घरी ठेवून घेतलं, भाभींनी जेवू घातलं."

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी पुढे होऊन माझा हात दोन्ही हातांत धरला. "माफ करा भाऊ. रागात बोललो. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आमची माणसं इथे टिकतात."

आयुष्यात कुठल्याही गोष्टीला शेपूट जोडायला मला कधी शब्द कमी पडले नाहीत. त्या दिवशी त्यांनी हात सोडेपर्यंत मी तो तसाच त्यांच्या हातात राहू दिला.